गणिताचे सर आणि तांतुम एर्गो

शाळेच्या ज्युबिली कमिटीचा व्हॉट्सअॅपवर मेसेज आला, स्मरणिकेसाठी चार ओळी लिहून दे म्हणून, आणि खरं सांगू, शाळा म्हटलं की मला वर्ग आठवतच नाही, चर्चमधला क्वायरचा, म्हणजे गाणाऱ्यांचा, माळा आठवतो आणि आपले गणिताचे सर. नाव लिहायची गरज नाही, ज्यांनी त्यांची पट्टी खाल्लीय त्यांना कळलंच असेल.

सर लॅटिन गाणी देवनागरीत फळ्यावर लिहून द्यायचे, आपण पडलो मराठी मीडियमवाले. माझ्या बाजूला वारकऱ्यांच्या घरचा पोरगा उभा असायचा, घरी अभंग आणि इथे ग्रेगोरियन, म्हणजे चर्चचं जुनं लॅटिन गायन, पण सूर सगळ्यात पक्का त्याचाच.

एक पवित्र गुरुवार, म्हणजे पास्काच्या (ईस्टरच्या) आधीचा गुरुवार, डोक्यातून जात नाही. त्या संध्याकाळी ग्लोरिया (देवाचं स्तुतिगीत) झाला की आमच्याकडे ऑर्गन बंद, घंटाही बंद, ते थेट पास्काच्या रात्रीच्या ग्लोरियापर्यंत. सर ऑर्गनला कुलूप लावून चावी खिशात टाकायचे, मग ट्यूनिंग फोर्क गुडघ्यावर आपटायचे, कानाशी धरायचे आणि हळूच सूर द्यायचे. मिस्सा (चर्चमधली मुख्य उपासना) संपताना साक्रामेंत (पवित्र भाकर) मिरवणुकीने बाजूच्या वेदीवर नेतात तेव्हा संत थॉमस अक्वायनसचं पांजे लिंग्वा हे लॅटिन गीत असतं, पहिली चार कडवी चालताना, आणि शेवटची दोन, म्हणजेच तांतुम एर्गो, फादर वेदीशी पोचल्यावर. त्या वर्षी फादर म्हातारे आणि गर्दी ही एवढी, मिरवणूक काही हलेना. चौथं कडवं संपत आलं की सर कठड्यावरून वाकून खाली बघायचे आणि एक बोट वर करायचे, म्हणजे परत पहिल्यापासून! घसे सुकले, मागची पोरं खुसूखुसू हसायला लागली, सर मात्र ढिम्म. शेवटी एकदाचा हात खाली आला आणि तांतुम एर्गो असं काही लागलं की खालच्या बायका माना वर करून माळ्याकडे बघायला लागल्या. सर एवढंच म्हणाले, सूर उतरला नाही. सरांकडून तेवढं म्हणजे शंभरपैकी शंभर.

दुसऱ्या व्हॅटिकन कौन्सिलने, म्हणजे बिशपांच्या महासभेने, लॅटिन बंद केलं असं कोणी म्हटलं की सर जाम चिडायचे, कारण कौन्सिलच्या १९६३ च्या उपासनेवरच्या दस्तऐवजातच ग्रेगोरियन गायनाला मानाची जागा द्या असं आहे. मराठीत मिस्सा आली ते छानच झालं, त्याबद्दल तक्रार नाही. पण भर प्रायश्चित्तकाळात, म्हणजे पास्काआधीच्या उपवासाच्या दिवसांत, जेव्हा वाद्यं फक्त गाण्याला आधार म्हणून वाजवायची असतात, तेव्हा की-बोर्डवर रेडिमेड बीट लावतात ना, सरांनी प्लगच उपटला असता.

मी बँकेतून रिटायर होऊन आता बोरिवलीत क्वायर सांभाळतो, सगळी सरांची पुण्याई. मागच्या पास्काला आमच्या कॉलेजच्या पोरांनी वाद्याशिवाय चार आवाजात गायलं, मला फार बरं वाटलं.

ज्युबिलीच्या मिस्सानंतर साक्रामेंतचा आशीर्वादविधी ठेवणार असाल तर तांतुम एर्गो आपल्या जुन्या क्वायरला द्या, ही कमिटीला विनंती. जुन्या बॅचवाल्यांनो, अर्धा तास आधी माळ्यावर या, जिना तोच आहे, गुडघे सांभाळून चढा. सूर मी देतो.