वेव्हफॉर्म बारीक दिसला तरी चालेल

इलेक्ट्रिक गिटार थेट ऑडिओ इंटरफेसला (गिटारचा सिग्नल संगणकात नेणाऱ्या पेटीला) जोडून घरी रेकॉर्डिंग करायला लागलो, तेव्हा मीटर जितका वर जाईल तितका आवाज भरदार येतो, अशी माझी पक्की समजूत होती. लाल दिवा लागू नये, पण लागता लागता राहावा, अशा बेताने मी गेन (आत येणारा सिग्नल किती वाढवायचा ते ठरवणारा इंटरफेसवरचा नॉब) ठेवत असे. ही समजूत मोडली ती एका ऱ्हिदम ट्रॅकमुळे.

तो ट्रॅक मी ॲम्प सिम्युलेटरवर (गिटारच्या ॲम्पची नक्कल करणाऱ्या सॉफ्टवेअरवर) भरपूर डिस्टॉर्शन, म्हणजे आवाज खरखरीत करणारा परिणाम, लावून वाजवला होता. शेवटच्या कडव्यात हात जरा जोरात पडला होता, पण ऐकताना काहीच खटकले नाही. काही आठवड्यांनी त्याच टेकला (मूळ रेकॉर्डिंगला) डिस्टॉर्शन नसलेला क्लीन टोन लावून पाहिला, तर प्रत्येक जोरकस स्ट्रोकच्या सुरुवातीला कोरडी कर्रकर्र ऐकू येऊ लागली. वेव्हफॉर्म, म्हणजे आवाजाचा पडद्यावर दिसणारा आलेख, मोठा करून पाहिला, तेव्हा त्याची शिखरे वरून छाटल्यासारखी सपाट दिसली. शून्य डीबीएफएसच्या, म्हणजे डिजिटल मीटरवरच्या कमाल पातळीच्या, पुढे कन्व्हर्टरकडे (सिग्नलचे आकडे करणाऱ्या भागाकडे) आकडाच नसल्यामुळे वरचा भाग नोंदलाच गेला नव्हता आणि डिस्टॉर्शनच्या गोंगाटात ते इतके दिवस झाकले गेले होते. ट्रॅकचा फेडर (आवाज कमी-जास्त करणारी पट्टी) खाली ओढून अशा वेळी काहीही साधत नाही, कारण फेडरचे काम सिग्नल नोंदला गेल्यानंतर सुरू होते.

तेव्हापासून गेन लावताना मी नेहमीच्या नव्हे, तर सर्वांत दांडग्या हाताने वाजवतो: गिटारचा व्हॉल्यूम पूर्ण उघडा, ब्रिजजवळचा पिकअप (तारांची कंपने पकडणारा भाग) आणि सहाही तारांवर खालच्या दिशेने सणसणीत स्ट्रोक. त्या वेळी मीटरचे शिखर उणे १२ ते उणे १० डीबीएफएसच्या आसपास थांबले की मी गेनला पुन्हा हात लावत नाही. एवढ्या खाली रेकॉर्ड केल्याने दर्जा घसरेल, ही भीती १६ बिटच्या काळातली आहे; आवाजाची पातळी नोंदवणारा आकडा जितक्या बिटांचा, तितकी नोंद बारीक. एक बिट म्हणजे साधारण ६ डेसिबल, त्यामुळे २४ बिट रेकॉर्डिंगमध्ये शिखर उणे १२ वर ठेवले तर २४ पैकी दोनच बिट वापराविना राहतात. उरलेल्या २२ बिटांच्या तळापेक्षा गिटारच्या पिकअपची स्वतःची गुणगुण कितीतरी वर असते. तीच गुणगुण गेन वाढवल्यावर सुरांबरोबर तितकीच वाढते, त्यामुळे सिंगल कॉइलची (एकाच वेटोळ्याच्या पिकअपची) घरघर कमी करायची असेल तर गेनशी झटापट करण्याऐवजी संगणकाच्या पडद्यापासून थोडे दूर बसून गिटारची दिशा बदलून पाहावी.

गेनच्या आधी मात्र इंटरफेसवरचे, इन्स्ट्रुमेंट की लाइन हे निवडणारे बटण तपासावे लागते. पॅसिव्ह (बॅटरीशिवाय चालणाऱ्या) पिकअपच्या गिटारला साधारण १ मेगाओहमचा इन्स्ट्रुमेंट इनपुट लागतो. ती चुकून लाइन इनपुटला जोडली, तर पातळी पडतेच, शिवाय वरच्या पट्टीतली चमक जाऊन आवाज घोंगडीखालून आल्यासारखा होतो. तो आवाज गेन वाढवून परत येत नाही, हे कळायला मला एक अख्खी संध्याकाळ लागली.

सिम्युलेटर वापरणाऱ्यांसाठी आणखी एक गोष्ट आहे. आत येणाऱ्या सिग्नलची पातळी पाहूनच सिम्युलेटर किती डिस्टॉर्ट व्हायचे ते ठरवतो, म्हणून आज एका गेनवर आणि उद्या दुसऱ्या गेनवर रेकॉर्ड केले, तर तोच प्रीसेट (जतन केलेली सेटिंग) दोन दिवशी दोन प्रकारे वाजतो. पातळी कमी पडली तर सिम्युलेटरच्या इनपुट नॉबने ती नंतर वाढवता येते. प्रत्येक गिटारसाठी वेगळा गेन ठेवणेही मी बंद केले, कारण हंबकर (दोन वेटोळ्यांचा, जोरकस पिकअप) आणि सिंगल कॉइल यांच्यातला जोराचा फरक खऱ्या ॲम्पलाही जाणवत असतो आणि तो पुसून टाकला की दोन्ही गिटारी एकाच ताकदीने ॲम्पवर आदळतात. आता माझ्याकडच्या सर्वांत तगड्या हंबकरनुसार गेन एकदा लावला आहे आणि नॉबवर चिकटपट्टी मारून ठेवली आहे.