तुमचंच लावते, ताई

तुळशीची लग्नं लागली की माझी झोप जाते. मुहूर्त दुपारी साडेबाराचा असला तरी नवरीला सातला खुर्चीत बसवावं लागतं, म्हणजे मी पहाटे चारला उठणार, बॅग भरणार आणि मिरजेहून कधी जत, कधी थेट पंढरपूर गाठणार. डिसेंबर २०२३ मधला तो शनिवार त्या मानाने निवांत होता. अकराला एका नवरीच्या मेकअपची ट्रायल, दुपारी एका क्रीमचं पेड रील, रात्री नऊला नेहमीचं लाइव्ह. सकाळी मी चक्क थालीपीठ लावलं होतं.

नवरी तासगावकडची, पतसंस्थेत कॅशियर. सोबत आई आणि आईच्या हातात किलोभर बेदाणे. "रिकाम्या हाती कसं यायचं, मॅडम," म्हणत त्यांनी पिशवी सासूबाईंच्या हवाली केली. मुलगी जिना चढतानाच सांगत होती की ती मला टिकटॉकपासून ओळखते. असं कुणी म्हटलं की मला अजून बरं वाटतं. टिकटॉकवरचे माझे एकोणीस हजार लोक २९ जून २०२० ला बंदी आली तेव्हा गेले ते गेलेच. त्यातलं एखादं माणूस शोधत शोधत परत आलं की हरवलेली नातलग भेटल्यासारखं होतं.

वरची खोली दहा बाय बाराची. तिथेच ट्रायल, तिथेच शूटिंग, सीझन नसला की तिथेच पापड वाळतात. रिंगलाइट आहे, पण रिंगलाइट खोटं बोलतो. त्याच्यासमोर सगळेच चेहरे धुतल्या तांदळासारखे. म्हणून फाउंडेशनची शेड मी खिडकीशी बघते, जबड्याच्या कडेला तीन पट्टे ओढून. तिला खिडकीशी बसवलं, कापसावर मेकअप उतरवायचं मायसेलर वॉटर घेतलं आणि गालावरून फिरवलं. ती एकदम मागे सरकली.

"झोंबतंय?"

"थोडं. सवय आहे."

कापसावर पावडरचा थर उतरला आणि खालून जो गाल निघाला तो लाल होता. लाजल्यावर येतो तसा लाल नाही, चुलीसमोर फार वेळ बसल्यावर होतो तसा. नाकाच्या दोन्ही बाजूंना धाग्यासारख्या तांबड्या शिरा. कातडी कांद्याच्या आतल्या पापुद्र्यासारखी, पातळ आणि चकचकीत. हनुवटीवर बारीक पुरळ. आणि कानाजवळून खाली उतरलेली मऊ काळी लव, जी तिच्या हातांवर कुठेच नव्हती. स्वतःचं काम सुरू करायच्या आधी मी आठ वर्षं पार्लरमध्ये चेहरे हाताळलेत. हे उन्हाने झालेलं नव्हतं.

"चेहऱ्याला काय लावतेस गं?"

"वेगळं काही नाही. तुमचंच लावते, ताई."

माझं म्हणून बाजारात काहीच नाही. ना माझ्या नावाची क्रीम, ना लिपस्टिक. मी तसं म्हणणार तोच तिने पर्सच्या आतल्या कप्प्यातून ट्यूब काढली. टूथपेस्ट संपत आली की आपण शेपटाकडून दुमडत आणतो तशी दुमडलेली, वर केसांचा रबर. डाव्या कडेला लाल रेघ, कोपऱ्यात आरएक्स. "रात्री, वाटाण्याएवढं, मॉइश्चरायझरमध्ये कालवून. तुम्ही सांगितलं होतं तसंच. तीन वर्षं झाली, एक रात्र चुकवली नाही." शेवटचं वाक्य ती कौतुकाच्या अपेक्षेने बोलली.

वाटाण्यावरून मला सगळं आठवलं. त्या व्हिडिओत मी स्वयंपाकघरातून खरा वाळलेला वाटाणा आणून तळहातावर ठेवून दाखवला होता.

ऑगस्ट २०२०. जूनअखेर राज्याने सलून उघडली होती, पण केस कापणं, थ्रेडिंग असल्या मोजक्या कामांपुरती. त्वचेची कामं बंदच. मी जिथे कामाला होते तिथला पगार थांबला होता. रील्स भारतात सुरू होऊन जेमतेम महिना झालेला, आणि घरात फोनशिवाय माझ्या हाताला काम नव्हतं. मामीचा एक उपाय होता. मामीला तो मेडिकलवाल्याने सांगितलेला. माझ्या लग्नाआधी पंधरा दिवस मी तो केला होता आणि चेहरा खरंच उजळला होता. पुढे ट्यूब संपली, मी विसरले. माझ्या आणि या मुलीच्या चेहऱ्यात फरक एवढाच की मी आळशी होते.

त्या व्हिडिओला सव्वाचार लाख व्ह्यूज आले. तोवर माझे दोन हजार तीनशे फॉलोअर होते, महिन्याभरात ते एकतीस हजार झाले. पहिली ऑर्डर, पहिलं पेड काम, नंतर पार्लर सोडून स्वतःचं सुरू करायची हिंमत, सगळं त्या वाटाण्यावर उभं राहिलं.

आणि मला हे कळलं नव्हतं असंही नाही. २०२२ मध्ये मिरजेतल्याच एका त्वचारोगतज्ज्ञ डॉक्टर मॅडमच्या घरच्या लग्नात मेकअप करत होते. गप्पांत त्या ट्यूबचं नाव निघालं आणि त्यांनी माझा ब्रश धरलेला हात थांबवला. ते स्टिरॉइडचं मलम. सुरुवातीला सूज उतरते, रक्तवाहिन्या आकसतात, म्हणून चेहरा गोरा वाटतो. मग कातडी पातळ होत जाते. २०१८ पासून अशी मलमं शेड्यूल एच मध्ये आहेत, म्हणजे चिठ्ठीशिवाय विकताच येत नाहीत. त्या रात्री घरी येऊन मी व्हिडिओ उडवला. उडवला आणि गप्प बसले. कुणाला काही सांगितलं नाही. ज्यांनी तो फोनमध्ये सेव्ह करून ठेवला होता त्यांचा विचारही शिवला नाही. या मुलीकडे तो होता. तिने मला दाखवला. माझाच आवाज, मागे कुकरची शिट्टी.

खरं लिहायचं तर मी तिला लगेच काही बोलले नाही. पाणी आणते म्हणून खाली गेले आणि माठापाशी उभी राहिले. डोक्यात आलं की शिरा बारीक आहेत, हिरवा करेक्टर आणि वर जाड बेस दिला तर झाकल्या जातील. बारा हजारांचं पॅकेज होतं. लग्न एकोणीस दिवसांवर. सासूबाई बेदाणे निवडत होत्या, त्यांनी विचारलं, "काय गं, चेहरा का असा?" मी तशीच वर गेले आणि दोघींना सगळं सांगितलं, २०२२ सकट.

मुलगी नुसती ट्यूबकडे बघत राहिली. आईने मात्र एकच विचारलं. "तुमाला कळलं तवाच का नाही सांगितलं?"

याला उत्तर नव्हतं, आजही नाही.

त्याच डॉक्टर मॅडमना फोन केला, रिक्षा केली. मॅडमनी पहिल्यांदा विचारलं की लेबल नसलेली कुठली डबी वापरलीस का, पार्लरमधून किंवा ऑनलाइन मागवलेली. तसल्या गोरं करणाऱ्या डब्यांत पारा निघतो. आपल्या नियमात सौंदर्यप्रसाधनात पारा घालायलाच बंदी आहे. चुकून आलाच तर दहा लाख भागांत एक भाग, डोळ्यांच्या प्रसाधनांना तेवढी जास्त सूट. तो प्रकार किडनीपर्यंत जातो. तिने नाही म्हटल्यावर त्यांनी भिंग लावून गाल पाहिले आणि सांगितलं की या चेहऱ्याला पुस्तकात नावच आहे, टॉपिकल स्टिरॉइड डॅमेज्ड फेस. सगळ्यात वाईट भाग पुढचा. ट्यूब एकदम बंद केली की चेहरा आधी आणखी पेटतो, आग होते, पुरळ उठतं. बाईला वाटतं ट्यूबच बरी होती, आणि ती परत मेडिकलकडे वळते. म्हणून सोडायचं तेही डॉक्टरच्या देखरेखीखाली. त्यांनी काय लिहून दिलं ते इथे सांगत नाही. एकदा सांगून झालंय माझं.

"लग्नात लाल दिसंल का?" आईने विचारलं.

"दिसेल," मॅडम म्हणाल्या. "आणि हळद चेहऱ्याला नको. हातापायांना लावा."

सांगलीच्या हळदीच्या मुलखात हे वाक्य उच्चारणं सोपं नव्हे, पण मॅडम मिरजेच्या, त्या कुणाला भीत नाहीत.

घरी आले तेव्हा चार वाजले होते आणि एजन्सीच्या मुलीचे सहा मिस्ड कॉल. अप्रूव्हलसाठी रील सातपर्यंत हवं होतं. अठरा हजारांचं काम. क्रीम माझ्यासमोर टेबलावर होती, ब्रीफमध्ये पहिल्या तीन सेकंदांत म्हणायचं वाक्य ठळक केलेलं: सात दिवसांत उजळपणा. मी म्हटलं, एवढं वाक्य सोडून बाकी सगळं बोलते. ती म्हणाली, "मग हुक काय राहिला, मॅम?" तिचंही बरोबर होतं. तिच्या डोक्यावरही कुणीतरी बसलेलं असणार. काम गेलं.

या धंद्यात नियम नाहीत असं लोकांना वाटतं. आहेत की. जाहिरात असेल तर तसं ठळक लिहा, हे ॲस्कीने, म्हणजे जाहिरातवाल्यांच्याच नियामक संस्थेने, जून २०२१ पासून लागू केलं. जानेवारी २०२३ मध्ये केंद्र सरकारची मार्गदर्शिका आली. दिशाभूल केली तर पहिल्यांदा दहा लाखांपर्यंत दंड, पुन्हा केली तर पन्नास. कुरिअरने फुकट आलेली डबी ठेवून घेतली आणि एका कंपनीकडून वर्षात वीस हजारांच्या वर माल आला, तर त्यावरही दहा टक्के टीडीएस कापतात. हे सगळं मी पाळते, माझ्या सीएला विचारा. आणि त्या वाटाण्याच्या व्हिडिओला यातला एकही नियम लागत नव्हता. मी कुणाकडून दमडी घेतली नव्हती. पैसे घेऊन सांगितलं असतं, वर जाहिरात असं लिहिलेलं असतं, तर त्या मुलीने कदाचित दोनदा विचार केला असता. तिने ट्यूब आणली ती ताईने फुकट, मनापासून सांगितलं म्हणून.

रात्री नऊला लाइव्हला बसले ती ट्यूबलाइटच्या उजेडात, तोंड धुऊन. शनिवारी साधारण तीनशे जणी येतात. अंगणवाडीताई, नर्स, इचलकरंजीच्या यंत्रमागावाल्यांच्या घरच्या, एक बहारीनहून. एरवी आम्ही काजळ पसरू नये म्हणून काय, सावळ्या रंगाला कुठली न्यूड लिपस्टिक भुताटकीसारखी दिसत नाही, असलं बोलतो. नवरा म्हणत होता, व्हिडिओ केव्हाच काढलाय, कशाला उकरतेस? मी ट्यूबचं नाव बोटाने झाकून ती कॅमेऱ्यासमोर धरली आणि सुरुवात केली.

पहिली कमेंट होती, "अय्या, मी पण हीच लावते." मग धडाधड. "ताई मला पण केस आलेत गालावर." "उन्हात गेलं की आग होते ती यानेच का?" एकीने लिहिलं, तुमचं बघून मी माझ्या बहिणीला लावायला दिली, आता तिला काय तोंड दाखवू. एकीने शिव्या घातल्या, त्या मी मोठ्याने वाचल्या. नाव विचारणाऱ्याही होत्या, बंद करायला नव्हे, आणायला. पंढरपूरच्या नर्सताईंनी मध्येच सूत्रं हातात घेतली. कुणी कुणाला औषधाचं नाव सांगायचं नाही, प्रत्येकीने आपापल्या गावातला त्वचेचा डॉक्टर गाठायचा, खाजगी परवडत नसेल तर सरकारी दवाखान्याची ओपीडी. एक तास चाळीस मिनिटं चाललं. नवरा फोनमागून हात हलवून पुरे म्हणत होता.

त्या आठवड्यात दोन हजारांवर लोक कमी झाले. ट्यूब सोडणाऱ्या त्रेसष्ट जणींचा एक ग्रुप मात्र तयार झाला, तो आजही चालू आहे. दर रविवारी सकाळी खिडकीशी काढलेला फोटो टाकायचा, फिल्टर नाही, पावडर नाही. दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात चेहरा पेटला की बायका खचतात. तेव्हा पुढे गेलेल्या जणी आपले जुने पेटलेले फोटो टाकतात. माझं तिथे फार काम नसतं. नर्सताई मला कधीकधी गप्प बसायला सांगतात.

ते लग्न मी केलं, पैसे न घेता. आईने तरी निघताना ओटी भरली. मॅडमना विचारून, अगदी पातळ बेस, ब्रश न घासता ओल्या स्पंजने टेकवत. दोन तासांचं काम साडेतीन तास चाललं, कारण गालापाशी आले की माझाच हात थबकायचा. हळद हातापायांना. आजी खूप बडबडली, पण शेवटी बोटभर हळद नवरीच्या कोपराला फासून गेली. गाल लालच होते. मुंडावळ्या बांधल्यावर मोत्यांच्या सरी नेमक्या त्यांवर लोंबत होत्या आणि ती त्या सारख्या बाजूला करत होती.

तो जुना व्हिडिओ मात्र पुसला जात नाही. कुणीतरी उतरवून घेतला, वर गाणं चिकटवलं, आणि तो फिरतो. मी तक्रार करते, एक काढला की दुसरा उगवतो. तळहातावर वाटाणा धरलेली एकोणतीस वर्षांची मी. महिन्याला दोन-चार मेसेज तरी येतात, "ताई, ट्यूबचं नाव सांगा ना, ऐकू येत नाही नीट." उत्तर लिहून ठेवलंय. ते पाठवते, समोरून काही येतंय का पाहते, आणि ब्रश धुवायला घेते.