त्रिपुरीच्या दिव्यांना येताना

पणत्या आदल्या रात्रीच पाण्यात घालायच्या असतात, हे मला गावातल्या कुंभारीणकाकूंनी शिकविले. १९८९ साली वर्धा नदीच्या काठच्या या गावात जिल्हा परिषदेच्या शाळेवर मी रुजू झालो, तेव्हा त्रिपुरी पौर्णिमेचा दीपोत्सव गावातले भजनी मंडळ करीत असे आणि पणत्या मांडण्याचे काम शाळेकडे असे. पहिल्या वर्षी मी आणल्या तशा कोऱ्या पणत्या पोरांकरवी महादेवाच्या देवळाच्या पायऱ्यांवर मांडल्या, प्रत्येकीत मोजून तेल घातले आणि अर्ध्या तासात त्यांतल्या निम्म्या विझल्या. तेल सांडलेले कुठे दिसत नव्हते, तेव्हा ते गेले तरी कुठे म्हणून मी वाकून पाहू लागलो, तर काकू तोंडाला पदर लावून हसत होत्या. "मास्तर, कोरी पणती तेल पेते. पुढच्या साली रातभर पाण्यात ठेवजा, मंग पाहा." दुसऱ्या वर्षापासून आदल्या संध्याकाळी शाळेच्या टाक्यात पणत्या बुडू लागल्या. कोरी पणती पाण्यात पडली की तिच्या अंगातून बारीक बुडबुड्यांची माळ वर येते आणि कान जवळ नेला तर हलकासा चुरचुर आवाजही ऐकू येतो. चौथीची पोरे तो ऐकण्यासाठी टाक्यावर अशी ओणवी होत, की एकाला तरी दरवर्षी सदऱ्याला धरून मागे ओढावे लागे.

तीस वर्षे मी हा उत्सव आतून पाहिला. निवृत्त होऊनही आता काही वर्षे झाली, तरी दिवाळी सरली की नागपूर-पुण्याकडे स्थायिक झालेल्या माझ्या जुन्या विद्यार्थ्यांचे फोन येऊ लागतात. "गुरुजी, यंदा लेकरांना घेऊन यायचे म्हणतो, किती वाजता पोचावे?" एवढ्या एका प्रश्नाला मी जे लांबलचक उत्तर देतो, तेच आज जरा निवांतपणे लिहून काढतो आहे.

पहिली गोष्ट तिथीची. कार्तिक पौर्णिमेची तारीख दरवर्षी मागेपुढे होते. २०२४ साली ती १५ नोव्हेंबरला होती, तर २०२५ साली ५ नोव्हेंबरला. त्यातही पौर्णिमा दोन दिवसांत विभागून आली, तर स्नान एका दिवशी आणि दिवे आदल्या संध्याकाळी असे होऊ शकते. २०२३ साली नेमके तसे झाले. पौर्णिमेचे स्नान २७ नोव्हेंबरला आणि त्रिपुराचे दिवे २६ च्या संध्याकाळी होते. एक कुटुंब २७ तारखेला थेट पुण्याहून मोटार घेऊन आले, ते देवळाच्या पायऱ्यांवरचे काळे डाग पाहून परत गेले. तेव्हा रजा टाकण्याआधी गावातल्या कुणाला तरी विचारून घ्यावे, एवढेच सांगतो.

वेळेचा मुद्दा त्याहून महत्त्वाचा आहे आणि तो मला बऱ्याच उशिरा कळला. दिवाळीची रात्र अमावास्येची असल्यामुळे तेव्हा दिवा कधीही लावला तरी शोभतो, पण त्रिपुरीच्या दिव्यांना पूर्ण चंद्राशी सामना करावा लागतो. पौर्णिमेचा चंद्र सूर्यास्ताच्या सुमारास उगवतो, तरी पहिला तासभर तो पलीकडच्या काठावरच्या चिंचांच्या आडच असतो. आमच्याकडे त्या दिवसांत साडेपाच-पावणेसहाला सूर्य मावळतो आणि सव्वासहाला चांगले अंधारून येते. तेव्हापासून साडेसातपर्यंत पायऱ्या, ओटा, दगडी दीपमाळ आणि नदीचे पाणी असे सगळे दिव्यांच्या ताब्यात असते. त्यानंतर चंद्र वर चढतो, देवळाचे दगड पांढुरके दिसू लागतात आणि त्याच पणत्या फिकट पडतात. जेवणे आटोपून आठ वाजता येणारी मंडळी "छान आहे" म्हणतात खरे, पण त्यांनी जे पाहिलेले असते, ते मला उष्टावलेले वाटते.

हे कळायला कारणीभूत झाले लोडशेडिंग. पूर्वी मंडळ देवळावर रंगीत बल्बांच्या माळा सोडीत असे आणि फाटकावर एक मोठा फोकस लावीत असे. पणत्या त्या उजेडात बिचाऱ्या हजेरीपुरत्या जळत. एका वर्षी ऐन सहा वाजता वीज गेली. मंडळाची माणसे जनरेटरसाठी धावाधाव करू लागली, तेवढ्यात पोरांनी ठरल्याप्रमाणे पणत्या पेटवायला सुरुवात केली, आणि दीपमाळेवरचे दिवे खालून वर एकेक करून लागू लागले, तसतसा सगळा जमाव आपोआप गप्प होत गेला. जनरेटर मिळाला होता. पण मंडळाच्या अध्यक्षांनी तो सुरू करू दिला नाही. पुढच्या वर्षी वीज होती, तरी सव्वासहाला मुख्य बटण मुद्दाम बंद केले गेले आणि तेव्हापासून तो सव्वा तास आमच्याकडे अंधाराचा म्हणूनच पाळतात. त्या तासात मोबाईलची बॅटरी डोळ्यांवर मारू नये, अशी माझी येणाऱ्यांना हात जोडून विनंती असते. फोटो जरूर काढावेत, मात्र फ्लॅश बंद ठेवून. फ्लॅशने ज्योत जाते आणि मागची भिंत तेवढी उरते.

पाहायला येणाऱ्या कुटुंबांनी जमल्यास पाच वाजताच यावे, कारण मांडणी पाहण्यात आणि तिला हातभार लावण्यात लेकरांचा जो जीव रमतो, तो नंतर नुसते दिवे पाहण्यात रमत नाही. तेलाचा हिशेब आम्ही सातवीच्या वर्गाला गणित म्हणून घालीत असू. लहान पणतीत साधारण दोन चमचे, म्हणजे दहा मिलिलिटर तेल धरले, तर अकराशे पणत्यांना अकरा लिटर लागते आणि पंधरा लिटरच्या एका पिप्यात दीपमाळेसाठीही पुरेसे उरते. वातींचा कापूस घरोघरचा असे. वेचणीला सुरुवात होताना शेतात सीतादही नावाची पूजा करतात, त्या पहिल्या वेच्यातला मूठभर कापूस पोरे दप्तरातून आणीत, हाताने सरकी काढून टाकीत आणि बोटांना राख लावून वाती वळीत. मुलांनी वळलेल्या वाती अळीसारख्या जाड होत, मुलींच्या नीट होत, असे मी काही वर्षे समजत होतो. पुढे एका मुलाने अशा काही सुबक वाती वळल्या, की तो समज मला सोडून द्यावा लागला. देवळात म्हाताऱ्या बाया साडेसातशे पदरांची त्रिपूरवात तुपात भिजवून बसलेल्या असतात. त्यांच्याजवळ लेकराला दहा मिनिटे बसवावे. त्रिपुरासुराची तीन नगरे महादेवाने एका बाणात कशी जाळली, ही कथा त्या सांगतात आणि दर वर्षी त्या नगरांच्या वर्णनात थोडी भर पडलेली असते.

कपड्यांविषयी मी जरा कडक बोलतो. त्याचे कारण माझ्याच हातून घडलेली एक चूक आहे. एका वर्षी पाचवीच्या मुलींनी समूहनृत्यासाठी शिवलेले घेरदार, चमकी लावलेले परकर घातले होते आणि नृत्य झाल्यावर कपडे न बदलताच मी त्यांना पायऱ्यांवर पणत्या लावायला पाठविले. वरच्या पायरीवर वाकलेल्या एकीचा घेर खालच्या पायरीवरच्या पणतीला लागला. ते कापड पेटण्यापेक्षा वितळते, हे मी तेव्हा पाहिले. ते आकसून तिच्या पोटरीला चिकटले. जवळच उभ्या असलेल्या एका बाईने अंगावरचे घोंगडे तिच्या पायांभोवती गुंडाळले, कुणी तरी घागर ओतली आणि थोडक्यावर निभावले, पण पोटरीवर रुपयाएवढा डाग राहिला. ती मुलगी आज दोन लेकरांची आई आहे आणि दर वर्षी येते. तेव्हापासून आमचा नियम असा, की अंगावर सुती कपडे, ओढणी कमरेला बांधलेली आणि केस वेणीत असल्याशिवाय कुणाच्याही हाती काडेपेटी द्यायची नाही. दिवे नेहमी वरच्या पायरीवरून लावीत खाली यावे, म्हणजे पेटलेली पणती पाठीमागे राहत नाही. तान्ह्या बाळाला घेऊन आलेल्या आईने नदीकडून येणाऱ्या वाऱ्याच्या बाजूला बसावे, कारण दुसऱ्या बाजूला अकराशे वातींचा धूर जातो आणि लेकरू रात्रभर खोकते.

पायांत पकड असलेली चप्पल असावी. तेल सांडलेला दगड शेवाळापेक्षाही घसरडा होतो. स्वेटर मात्र येतानाच गाडीतून काढून सोबत ठेवावा. दुपारी कापूस वेचणाऱ्या बायांच्या अंगाला घाम असतो आणि त्याच दिवशी रात्री आठला घोंगडीवर दव पडलेले हाताला लागते. शहरातली मंडळी दुपारच्या उन्हाला फसून लेकरांना पातळ कपड्यांत आणतात आणि मग कुणाची तरी शाल मागत फिरतात. लेकराच्या खिशात वडिलांचा फोन नंबर लिहिलेली चिठ्ठी ठेवावी. भोंग्यावरून हरवलेल्या मुलांची नावे पुकारण्याचे काम बरीच वर्षे माझ्याकडे होते. बहुतेक मुले सापडत ती रोडग्यांच्या आरापाशी.

तो आर हे लेकरांचे खरे आकर्षण असते आणि त्यात काही गैर आहे असे मला वाटत नाही. देवळामागच्या वावरात गोवऱ्यांचा लांबच लांब आर पेटवितात, तो खाली बसला की त्यात जाडसर कणकेचे रोडगे पुरतात आणि तासाभराने काठीने उकरून, गोणपाटावर घासून राख झटकतात. वरून काळपट दिसणारा रोडगा फोडला की आतून वाफ येते. त्यावर तुपाची धार, सोबत वरण आणि त्या दिवसांतल्या कोवळ्या वांग्यांची तिखटजाळ भाजी. भाजीचा तिखटपणा लेकरांना सोसत नाही, तेव्हा त्यांच्यासाठी रोडगा गुळाशी कुस्करून द्यावा. पंगत आठनंतर बसते, म्हणून लहानग्यांना घरून थोडे खाऊ घालूनच आणावे. वाढायला उशीर झाला तर मंडळाच्या लोकांवर रागावू नये, असेही मी सांगतो. कोजागिरीपासून महिनाभर ही माणसे पहाटे चारला उठून काकड्याला बसलेली असतात, त्याच दिवशी सकाळी काकड्याची समाप्ती झालेली असते आणि दिवसभर पाणी, लाकूडफाटा, सतरंज्या त्यांनीच वाहिलेल्या असतात.

नदीत दिवे सोडण्याची हौस सर्वांनाच असते. आमच्याकडे ते पळसाच्या पानांच्या द्रोणात किंवा कणकेच्या दिव्यात सोडतात. द्रोण कुजतो, कणीक मासे खातात. थर्माकोलच्या वाट्या एका वर्षी कुणी तरी घाऊक आणल्या होत्या, त्या पुढे होळीपर्यंत काठच्या झुडपांना अडकलेल्या दिसत होत्या. दिवा सोडताना मोठ्या माणसाने लेकराच्या खालच्या पायरीवर उभे राहावे. बहुतेक जण वरून त्याचा हात धरून उभे राहतात आणि घसरताना दोघेही घसरतात.

ज्यांना याहून मोठा सोहळा पाहायचा असेल, त्यांनी नागपूरपासून सुमारे ५० किलोमीटरवरच्या रामटेकला जावे. तिथे गडावर रामाच्या देवळाच्या माथ्यावर मध्यरात्री देवाची जुनी वस्त्रे जाळून त्रिपूर पेटवितात. मी एकदा गेलो होतो. गर्दी आणि जागरण पाहता दहा वर्षांखालच्या मुलांना नेऊ नये, असे माझे मत झाले. त्या वर्षी शाळेच्या पणत्या माझ्याशिवाय लागल्या, ही रुखरुख मात्र रामटेकच्या त्रिपुराने गेली नाही.

शेवटची सूचना पणत्यांचीच. बरीच कुटुंबे घरून एखादी जुनी पणती आणतात, कुणाच्या आजीची, कुणाच्या माहेरची. ती अकराशेंत मिसळली की ओळखू येत नाही, म्हणून तिच्या बुडावर खिळ्याने आधीच अक्षर कोरून आणावे. दुसऱ्या दिवशी सकाळी सात वाजता पोरे टोपल्या घेऊन पणत्या गोळा करतात, कोमट पाण्यात राख घालून धुतात आणि शाळेच्या ओट्यावर उन्हात पालथ्या मांडतात. अक्षरे वाचून त्या परत देण्याचे काम अजून मी जाऊन करतो. ज्यांवर काहीच कोरलेले नसते, त्या ऑफिसच्या कपाटात खालच्या खणात ठेवलेल्या आहेत. गेल्या साली मोजल्या तेव्हा त्रेसष्ट होत्या, आणि त्यांतली एक, मोरपंखी रंगाचा काठ असलेली, कुणाची आहे हे मला माहीत आहे. तिला फोन करायचा राहून जातो आहे.