बल्गेरियन लोकांचे जुने नकाशे आणि आपली अहिराणी

बाल्कनचे, म्हणजे आग्नेय युरोपातल्या बल्गेरिया-ग्रीस-सर्बियाकडच्या भागाचे, जुने एथनोग्राफिक नकाशे, म्हणजे कुठल्या भागात कोण लोक राहतात ते रंगांनी दाखवणारे, मी मोबाईलवर झूम करकरून बघत असतो. एकोणिसाव्या शतकात तिकडे ओटोमन, म्हणजे तुर्की सुलतानाचं, राज्य होतं आणि सरकारी दप्तरात माणसाची नोंद धर्मावरून व्हायची, म्हणजे बल्गेरियन असो ग्रीक असो, ऑर्थोडॉक्स ख्रिश्चन म्हटला की बराच काळ सगळे एकाच खात्यात. मग युरोपातल्या अभ्यासकांनी भाषा बघून नकाशे काढले, आमी बुए नावाच्या अभ्यासकाने 1847 ला, लेजाँने 1861 ला, किपर्टने 1876 ला, आणि तिघांच्याही नकाशात बल्गेरियन रंग डॅन्यूबपासून खाली पार मॅसेडोनियात पसरलेला दिसतो. पण 1877 ला लंडनच्या स्टॅनफर्डने छापलेल्या नकाशात त्यातलाच बराच मुलूख ग्रीक, आणि 1889 ला गोपचेविच या सर्ब लेखकाच्या नकाशात मॅसेडोनियातले स्लाव सर्ब! गावं तीच, माणसं तीच. रशिया-तुर्की युद्धानंतर मार्च 1878 च्या सॅन स्टेफानो तहात मोठा बल्गेरिया ठरला आणि जुलैत बर्लिनच्या तहात तो कापून मॅसेडोनिया परत सुलतानाला दिला.

मला सगळ्यात जास्त विचार करायला लावतात ते रोडोपी डोंगरातले पोमाक लोक. बोलतात बल्गेरियन, धर्म मुस्लिम. आता यांना कुठला रंग द्यायचा? भाषा विचारली तर बल्गेरियन, धर्म विचारला तर तुर्कांसोबत, म्हणजे काय विचारलं त्यावरच सगळा नकाशा ठरतो.

आपल्या खान्देशातही हेच चाललंय की. धुळ्याकडे अहिराणी, यावल-रावेरकडे लेवा बोली, सातपुड्यात पावरी, आणि भाषेच्या नकाशात सरसकट मराठीचा एक रंग. इंग्रजांच्या काळात भारतातल्या भाषांची पाहणी करणाऱ्या ग्रियर्सनने 1907 मध्ये खान्देशी, म्हणजे आपली अहिराणी, भिली भाषांच्या खंडात घातली, पुढे बऱ्याच जणांनी मराठीची बोली धरली. 2011 च्या जनगणनेत खान्देशी मातृभाषा सांगणारे जेमतेम साडेअठरा लाख, कारण घरात दिवसभर अहिराणी बोलणारी माझी मायसुद्धा दारात जनगणनेचा माणूस आला की “मराठी” सांगून मोकळी होते. मी विचारलं तर म्हणे, “सरकारी कागदवर अहिरानी कोन लिखस रे भो?”

लिहितात माय, लिहायलाच पाहिजे. जनगणनेत मातृभाषेनंतर येणाऱ्या इतर दोन भाषांचीही नोंद होते, मराठी तिथे आरामात बसते, त्यामुळे मातृभाषेच्या जागी अहिराणी सांगायची, आणि शेजारीपाजारीही आत्तापासून सांगून ठेवायचं.