मानेचं ऑपरेशन झालं, पण पाण्याचा घोट उतरेना

तीस वर्षं मी मंगळवार पेठेत घरीच ब्लाऊज शिवते. मान खाली घातली की दुपार कधी सरते कळत नाही. मागच्या पावसाळ्यात उजव्या हाताची बोटं बधिर व्हायला लागली. आधी सुईत दोरा ओवता येईना, मग कात्रीच हातातून सुटायला लागली. एमआरआयमध्ये दिसलं की मानेतल्या दोन गाद्या सरकून नस दाबतायत, सी फाइव्ह-सिक्स आणि सी सिक्स-सेव्हन, म्हणजे मानेच्या पाचव्या-सहाव्या आणि सहाव्या-सातव्या मणक्यांमधल्या. ऑपरेशन इथंच कोल्हापुरात करायचं ठरलं.

मणक्याचं ऑपरेशन म्हणजे पाठीमागून, एवढंच मला माहीत. डॉक्टरांनी कागदावर चित्र काढून दाखवलं. गळ्याच्या पुढून, जरा बाजूला चीर घेतात, अन्ननलिका आणि श्वासनलिका एका अंगाला सारतात, की समोर मणका. खराब गादी काढून तिथं केज, म्हणजे आधाराचा छोटा पोकळ ठोकळा बसवतात, वर टायटॅनियमची प्लेट. पण काम चालतं तेवढा वेळ अन्ननलिका ताणून धरलेली असते, आतून सूज येते, म्हणून नंतर काही दिवस गिळायला त्रास होऊ शकतो, हे त्यांनी स्वच्छ सांगितलं. माझा जीव सगळा हातात अडकलेला. मी हो हो म्हटलं.

"आधी कधी गिळताना त्रास?" असंही त्यांनी विचारलं होतं. मी नाही म्हणाले. खरं तर वर्षभर मोठी गोळी घशात अडकल्यासारखी व्हायची, रात्री आंबट पाणी वर यायचं. मानेच्या दुखण्यात अ‍ॅसिडिटीचं काय सांगायचं, असं वाटलं. ते सांगायला हवं होतं.

ऑपरेशनच्या संध्याकाळी सिस्टरांनी पलंगाची डोक्याकडची बाजू उंच केली आणि चमच्यानं पाणी दिलं. चमचाभरच. ते घशापर्यंत गेलं आणि तिथंच थांबलं. पुढं ढकलायला आत कुणी नाहीच, असं वाटलं. मग एकदम ठसका. खोकताना टाके ताणले, डोळ्यांतून पाणी आलं. जाऊबाई पाठीवर हात ठेवून उभ्या होत्या, त्यांचाच हात थरथरत होता. आवाजही घोगरा झाला होता.

दुसऱ्या दिवशी डॉक्टर बसून बोलले. एकाऐवजी दोन-तीन ठिकाणी काम झालं की त्रासाची शक्यता वाढते, कारण प्लेट लांब आणि ताण जास्त वेळ. वय वाढलेलं असलं की वाढते, बायकांत जास्त दिसते. आधीपासून गिळण्याची तक्रार असेल तर आणखी. मी ५९ वर्षांची, दोन गाद्या, आणि ती न सांगितलेली गोळी! तेव्हा मी सगळं सांगितलं. ते रागावले नाहीत, अ‍ॅसिडिटीचं औषध सुरू केलं. मानेत आधी ऑपरेशन झालेलं असेल तर आतले थर चिकटलेले असतात, म्हणून दुसऱ्या वेळी जास्त जपावं लागतं, हेही तेव्हाच कळलं. हाड जुळायला वापरतात त्या एका प्रथिनाबद्दल माझ्या थोरल्यानं आधीच विचारलं होतं. मानेत पुढच्या बाजूनं ते वापरल्यावर सूज येऊन श्वास आणि गिळणं अडल्याच्या तक्रारींवरून अमेरिकेत औषधं आणि उपकरणांवर देखरेख ठेवणाऱ्या एफडीए या सरकारी संस्थेनं २००८ मध्ये इशारा दिला होता. माझ्यात ते वापरलंच नव्हतं.

मग स्पीच थेरपिस्ट आल्या. बोलणं शिकवणाऱ्या बाई माझं गिळणं बघणार, याचं मला नवल वाटलं. पाणी सगळ्यात सोपं असं आपण समजतो, पण ते पातळ असतं, घसरून चुकीच्या वाटेनं जातं. दाटसर पदार्थ सावकाश सरकतो. म्हणून माझी सुरुवात नाचणीच्या आंबिलीनं झाली. ताठ बसायचं, छोटा घोट, गिळून झालं की पुन्हा एकदा नुसतंच गिळायचं, आणि खाताना बोलायचं नाही. जेवल्यावर अर्धा तास आडवं व्हायचं नाही. गोळ्या कुटून चालतील का, हे प्रत्येक गोळीसाठी विचारून घेतलं, कारण काही कुटायच्या नसतात.

घरी सोडताना डॉक्टरांनी थोरल्याला दोन गोष्टी तीनदा सांगितल्या. गळा फुगत चालला, श्वास कोंडायला लागला, तर फोनही करत बसू नका, सरळ दवाखान्यात या. आणि खाल्ल्यावर सारखा ठसका येऊन ताप आला तर अन्न फुफ्फुसात जातंय का ते बघावं लागतं.

पहिला आठवडा आंबील, मग मऊ खिचडी. तिसऱ्या आठवड्यात जाऊबाईंनी अळणी, म्हणजे मटणाचं बिनतिखट पाणी करून आणलं, गाळून, कोमट. वाटीभर प्यायला मला वीस मिनिटं लागली, पण एकदाही ठसका लागला नाही. बहुतेकांचा त्रास काही आठवड्यांत ते तीन महिन्यांत ओसरतो, असं डॉक्टर म्हणाले होते. माझा दहाव्या आठवड्यात बराच उतरला. भाकरी अजून रश्श्यात कुस्करूनच खाते.

गेल्या सोमवारी गल्लीतल्या एका वहिनींचं असंच ऑपरेशन ठरल्याचं कळलं. मी मशिन बंद करून त्यांच्याकडे गेले आणि पहिलं विचारलं, "वहिनी, गोळी गिळताना अडकते का हो कधी?" त्या थांबल्या. म्हणाल्या, "अडकते की. पण ते डॉक्टरांना कशाला सांगायचं?"

त्यांच्याच वहीत मी ते लिहून दिलं, तारखेसकट.