कमाटीबागेतला मोर

बडोद्याला मी लग्नासाठी गेले होते. लग्न छान झालं, पंक्ती उठल्या, पोरगी सासरी गेली. याहून जास्त लिहिण्यासारखं त्यात काही नाही. लिहायचंय ते आदल्या दिवशीच्या सकाळबद्दल. माझी फजिती मामांच्या तोंडून निम्म्या बडोद्यात पसरलीच आहे, तेव्हा उरलेल्यांना ती मीच सांगितलेली बरी.

बोरिवलीहून रात्रीची गाडी, झोपेच्या नावाने शंख. सहाच्या सुमाराला दांडिया बाजारातल्या घरी पोचले, तर मामा माकडटोपी घालून दारातच उभे. "आलीस ने? चहा घे आणि चल. कमाटीबागेत वसंत कुठवर आलाय ते बघून येऊ. फावेल ने?"

हे 'ने' आणि 'फावेल' बडोद्याच्या मराठीत जन्मापासून असतात, त्यांना कोणी गुजराती समजत नाही. न फावायला मला तोंड नव्हतं. मी एवढंच म्हटलं, "मामा, वसंतपंचमी होऊन गेली की."

"ती येते शिशिरात," मामा म्हणाले. "वसंत चैत्र-वैशाखाचा. पंचमीला नुसती तार येते. पाहुणा यायला दीड-दोन महिने. आपण आधीच स्टेशनवर जाऊन उभं राहायचं."

मामांचं हे स्टेशनवर उभं राहणं स्वयंपाकघरातल्या कालनिर्णयात नोंदलेलं असतं. चौकोनात वर मामीचं अक्षर: 'दूध नाही', 'अर्धा लिटर जास्त'. त्याच्या खाली मामांचं मुंगीएवढं: 'कंसारा बोलला', 'सावर, १ फूल'. कंसारा म्हणजे आपला तांबट पक्षी. एका चौकोनात तर 'गॅस आला' आणि 'कोकीळ' शेजारी-शेजारी होते. जुनी कालनिर्णयं मामांनी टाकलेली नाहीत, आणि मामींची त्यावरून कुरकुरही थांबलेली नाही.

निघताना मामींनी माझ्या गळ्यात मफलर अडकवला. "बेवडी ऋतू आहे, घसा धरेल." सकाळी थंडी आणि दुपारी पंखा, तिला इथे बेवडी ऋतू म्हणतात. मला तर वाटतं, पेपरवाले दर फेब्रुवारीत सर्दी-खोकल्याची तीच बातमी तारीख बदलून छापतात.

घरापासून बाग चालत वीस-पंचवीस मिनिटं. मामांबरोबर पाऊण तास. रावपुऱ्यात दूधवाला, कोठीपाशी पेपरवाला, कीर्तिमंदिरापाशी कोण ते मला कळलंच नाही, पण सगळ्यांशी बोलायचं आणि सगळ्यांना सांगायचं, "मुंबईची भाची." विश्वामित्रीच्या पुलावर कठड्याला टेकून माणसं खाली मगरी शोधत होती. एकही दिसली नाही. "ऊन वर आल्याशिवाय त्या काठावर येत नाहीत. शहाण्या आहेत," असं म्हणून मामांनी माझ्या जांभईकडे पाहिलं. पूल संपला की काळा घोडा, म्हणजे घोड्यावर बसलेले सयाजीराव महाराज, आणि तिथेच बागेचं फाटक.

बाग १८७९ सालची. लहानपणी आम्ही इथे यायचो ते छोट्या आगगाडीसाठी आणि म्युझियममधल्या देवमाशाच्या सांगाड्यासाठी. झाडं तेव्हाही असणारच, पण मान वर करून पाहिल्याचं काही आठवत नाही. सकाळची गर्दी मात्र तेव्हा अशी नव्हती. एका बाजूला हास्यक्लब, दुसऱ्या बाजूला खिशातल्या मोबाइलवर मोठ्याने भजन लावून चालणारे काका. मला सकाळी-सकाळी दोन्ही सोसत नाहीत. वसंत भित्रा असता तर फाटकातूनच परत गेला असता.

मी लगेच वाफ्यातल्या झेंडू-पिटुनियांचे फोटो काढायला लागले. मामा थांबले, पण तोंड वाकडं करून. "ती नर्सरीतून आणून बसवलेली. त्यांना ऋतू कशाला लागतो?"

मग त्यांनी मला सावरीखाली नेऊन उभं केलं. अंगावर एक पान नाही. फांद्या आडव्या पसरलेल्या, त्यांच्यावर काळपट, गुळगुळीत, सुपारीएवढ्या कळ्या आणि अगदी वर पाच-सात लालभडक फुलं. त्यांच्यात मैना आणि बुलबुल डोकं खुपसून भांडत होते. एवढ्यात 'थप्' करून एक फूल माझ्या पायाशी पडलं. फूल पडल्याचा असा आवाज मी पहिल्यांदाच ऐकला. उचललं तर हाताला चांगलंच वजन लागलं. पाकळ्या पाच, जाड, बाहेरून मऊ लव असलेल्या. मधे केसरांचा झुबका आणि तळाशी थोडा ओलसर मध, त्यात आधीच दोन मुंग्या. मी वास घेतला, मुंगी नाकावर चढली.

झाडाखाली एक बेन झाडत होत्या. मामांची रोजची ओळख. त्यांचा वसंत माझ्या वसंताच्या बरोबर उलटा होता. फुलं म्हणजे कचरा, पानगळ म्हणजे दुप्पट कचरा. लिंब आता गळणार, मग पिंपळ, मग पळसाची फुलं, शिरीषाच्या वाळलेल्या शेंगा तर अजून संपलेल्याच नाहीत, असा सगळा पाढा त्यांनी झाडू न थांबवता म्हटला. मामा मान डोलावत होते. नंतर मला म्हणाले, "माझ्या कालनिर्णयातलं निम्मं यांच्याकडूनच आलंय." आपल्याकडे वसंताची सुरुवात पानगळीनेच होते, हे मी शाळेत शिकले नाही. शाळेच्या चित्रात वसंत हिरवागार होता.

आणि मग ते झालं. बेननी झाडूने पलीकडे दाखवलं आणि म्हणाल्या, "काका, पेला आंबे मोर आव्यो. जोयो?"

माझं गुजराती म्हणजे ढोकळा आणि केम छो. 'मोर आव्यो' एवढं मात्र स्वच्छ कळलं. बडोद्यात मोर असतातच. मी मोबाइल काढला, कॅमेरा लावला, मामांना हाताने गप्प केलं आणि चवड्यांवर चालत त्या आंब्याकडे निघाले. दहा पावलं गेले, वर पाहिलं, झाडाला प्रदक्षिणा घातली. शेवटी वळून दबक्या आवाजात विचारलं, "कुठाय? उडाला का?"

बेननी झाडू टाकला आणि पदर तोंडाला लावला. मामा बाकावर बसले. हसता हसता त्यांची माकडटोपी डोळ्यांवर आली. हास्यक्लबाला तासभर जमलं नव्हतं ते मी एका वाक्यात करून दाखवलं.

गुजरातीत आंब्याच्या मोहोराला मोर म्हणतात. तो माझ्या नाकासमोर होता. पिवळसर, देठाला गुलाबी झाक असलेले तुरे, प्रत्येकात बाजरीएवढी फुलं दाटीने, आणि त्यांवर मधमाश्यांपेक्षा माश्याच जास्त. वास गोड, थोडा आंबूस. खालची फरशी चिकट झालेली, कारण मोहोरावरचे तुडतुडे चिकटा सोडतात. लग्नासाठी घेतलेल्या माझ्या नव्या सँडल पावलागणिक चट् चट् वाजायला लागल्या. चोरपावलांनी जातानाही वाजतच असणार, मोराच्या नादात मला ऐकू आलं नव्हतं.

परतीच्या वाटेवर मामांनी हा किस्सा पेपरवाल्याला सांगितला. शेव-उसळीच्या गाडीवर सांगितला, तेव्हा गाडीवाल्याने मला तरी जास्तीची वाढली, बहुधा दयेने. (मिसळीच्या लोकांनी रागावू नये, पण सकाळच्या थंडीत ती तरी मिसळीला मागे टाकते. डोळ्यांतून पाणी आलं, ते कशाचं हे मात्र विचारू नका.) दुसऱ्या दिवशी मांडवात नवऱ्या मुलीच्या काकूंनी, ज्यांना मी आयुष्यात प्रथमच भेटत होते, नमस्कार घेता घेता विचारलं, "मोर दिसला का मग?"

निघायच्या दिवशी मामी दुधाचा हिशेब करायला कालनिर्णयापाशी उभ्या राहिल्या, चष्मा लावला आणि मला हाक मारली. त्या सकाळच्या चौकोनात 'दूध १ लिटर'च्या खाली मामांनी लिहिलं होतं: 'आंबा, मोर. भाचीने पाहिला. उडाला नाही.'