खळं करायचे दिवस

मोसमी पाऊस मुंबईतून परतण्याची सरासरी तारीख हवामान खात्याच्या लेखी पूर्वी २९ सप्टेंबर होती. २०२० पासून ती ८ ऑक्टोबर धरतात. तळकोकणातल्या आमच्या घरात ही तारीख आत्या ठरवते. दसऱ्याला हत्यारं पुजून झाली, की पोरांचे हात कुदळीसाठी शिवशिवायला लागतात. तेव्हा ती पडवीतूनच ओरडते, "पाऊस अजून गेलो नाय, घाई कित्याक?" तिचं बरोबर असतं. दुपारी डोंगरामागे गडगडायला लागतं आणि परतीची एकच सर अशी कोसळते, की आदल्या दिवशी सारवलेलं खळं पन्हळीखालून वाहत थेट कुणग्यात, म्हणजे खालच्या भाताच्या खाचरात जातं.

खळं म्हणजे घरासमोरचं अंगण. चार महिने ते आमचं नसतंच मुळी. टाकळा, तेरडा, आघाडा माजलेला असतो, जांभ्याच्या पायऱ्यांवर शेवाळ धरलेलं असतं आणि पडवीला लावलेल्या झडीमुळे, म्हणजे विणलेल्या झावळ्यांच्या आडोशामुळे, घरातून ते दिसतही नाही. घरातली माणसं तुळशीला पाणी घालण्यापुरती पाय रोवून जातात आणि तशीच परततात. म्हणून पहिलं काम झडी सोडायचं. भिजून काळे पडलेले झाप खाली आले, की पडवीत एकदम इतका उजेड होतो की कोपऱ्यातली जळमटं उघडी पडतात आणि एक काम वाढतं.

मग बेणणी. गवत ओलं असेपर्यंत मुळासकट निघतं. आठवडाभर ऊन खाल्लं की जमीन मुळं सोडत नाही. ऑक्टोबरचं ऊन काय असतं ते कोकणात घामाच्या धारा पुसत कळतं. पायऱ्यांवरचं शेवाळ नारळाच्या सोडणाने घासायचं. हल्ली ब्लीचिंग पावडर टाकतात, पण ते पाणी तुळशीकडे जाईल म्हणून आमच्याकडे चालत नाही. बेणताना गडग्यावरच्या, म्हणजे दगडी कुंपणावरच्या वेलींना मात्र सरसकट हात लावायचा नाही. त्यात कारटाची वेल असते. नरकचतुर्दशीला पहाटे तुळशीपुढे पायाच्या अंगठ्याने फोडायला कारीट लागतं, आणि ते आता बाजारात विकत घ्यावं लागतं ही मला फारच लाजिरवाणी गोष्ट वाटते. रानात फुकट उगवणारं कडूजहर फळ, त्याला पैसे मोजायचे!

खरी गंमत मेढींच्या भोकांची. मांडवाचे खांब दरवर्षी त्याच जागी उभे राहतात, पण पावसात ती भोकं गाळाने बुजून जमिनीशी सपाट होतात. मग पहारीच्या टोकाने ठोकत जायचं. घट्ट जमिनीवर आवाज टणक येतो आणि भोकावर पहार भसकन आत जाते. हात घालून गाळ उपसताना बेडूक निघतो, कधी खेकडा, आणि एकदा तर आमच्या चुलतभावाची चार वर्षांपूर्वी हरवलेली किल्ली निघाली. कुलूप तोवर भंगारात गेलं होतं.

मेढी उभ्या राहिल्या, की माती खणून, पाणी मारून, चोपण्याने चोपायची. वाकून चोपणारा माणूस दुसऱ्या दिवशी सरळ उभा राहत नाही, त्यामुळे या कामाच्या वेळी घरात कोणाला तरी अचानक सावंतवाडीला जायचं असतं. शेणाचं सारवण शेवटी, आणि ते आत्याच्या हातचं.

न्यू जर्सीतली मावसबहीण याच सुमारास फोनवर तिचं मागचं अंगण आवरत असते. पानं गोळा करायची, खुर्च्या गॅरेजमध्ये न्यायच्या, बाहेरचा नळ थंडीत फुटू नये म्हणून आतून बंद करायचा. ती सगळं आत नेते त्याच दिवसांत आम्ही घर बाहेर आणत असतो. वास मारणाऱ्या गोधड्या, बुरसटलेले पाट, आजोबांची आरामखुर्ची, सगळं मांडवाखाली. आता झोडलेलं भात इथेच वाळणार, तुळशीचं लग्न इथेच लागणार. कार्तिकी द्वादशीपासून पौर्णिमेपर्यंत कुठल्याही संध्याकाळी ते उरकता येतं. पण वृंदावनाला चुना आणि काव त्याआधी लागलीच पाहिजे, आणि पावसात उंच, किडकिडीत झालेल्या तुळशीच्या वाळक्या मंजिऱ्या खुडलेल्या हव्यात.

वाडीत बहुतेकांनी आता कोबा घातलाय. मला त्यांना नावं ठेवायची नाहीत. चोपायला माणसं मिळत नाहीत, शेणासाठी गुरं उरली नाहीत, आणि म्हातारी माणसं घसरायला नकोत. (खरं तर शेवाळलेला कोबाही चांगलाच घसरवतो.) आमच्याकडे दरवर्षी हा विषय निघतो. आत्या म्हणते, "कोब्यार भात सुकता, पण पाय भाजतत." तडजोड म्हणून आम्ही गडग्याच्या बाजूच्या अर्ध्या खळ्यात कोबा घातला. भात तिकडे वाळतं. उरलेलं अर्धं कोणी चोपायचं, यावर यंदाची बोलणी अजून चालू आहेत आणि दोघांची सावंतवाडीची कामं आत्ताच निघाली आहेत.